सरका जरा

आबांना कुणाशी बोलायचं असलं की ते आधी त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवीत. माणसानं मान वळवली, नजरेला नजर मिळाली, की मग तोंड उघडत. समोर वाड्यावरचा कारभारी असो की घागर न्यायला आलेली मोलकरीण, रीत तीच. कुणी दचकून म्हणालं, "अहो, हाक मारायची की!" तर म्हणत, "कानांचं काय कौतुक सांगता? ते सोनारही टोचतो. इकडे बघा."

तुम्ही कधी तांबटांच्या आळीत उभे राहिला असाल तर यात तुम्हाला नवल वाटणार नाही. कसब्याच्या कडेला, नदीच्या अंगाला आमची लहानशी आळी होती. उजाडलं की तांब्यावर हातोड्या पडायला लागत त्या दिवेलागणीपर्यंत. शेजारपाजारचे लोक म्हणत, या आळीत चोर शिरला तरी कळायचं नाही आणि देव आला तरी कळायचं नाही. आत बोलणं असं नव्हतंच. पाणी हवं तर अंगठा ओठाशी न्यायचा. कोळसा हवा तर तळवे झटकायचे. गिऱ्हाईक कटकट्या असेल तर नाक दाबायचं. म्हातारपण येईतो बहुतेक तांबटांचा एक तरी कान गेलेला असे, आणि उरलेल्या कानाचा उपयोग ते बायकोचं न ऐकण्यासाठी करीत.

मी तांबटीण नव्हे. माझा नवरा फौजेबरोबर उत्तरेत गेला तो परत आला नाही, आणि मेला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. कुंकू पुसावं तर कशाच्या आधारावर, लावावं तर लोक बघणार. पोटासाठी मी आबांच्या कारखान्यात चिंच आणि राख घेऊन भांडी उजळायला गेले. कारखाना म्हणजे एक लांबलचक पडवी, टोकाला भट्टी आणि भिंतीलगत ऐरणींची ओळ. पहिल्या दिवशी मी दाराशीच उभी राहिले. ओळीतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांनी जवळच्या दोघांच्या खांद्यांवर बोटं टेकवली आणि म्हणाले, "सरका जरा."

एवढंच. मला बसायला जागा झाली. नवऱ्याचं काय झालं, हे त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांच्या घराण्यातली माणसं अजून आहेत आणि मानी आहेत. अंगानं उंच, पण वाकलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. भट्टीच्या झळीनं भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहरा सदा नवल वाटल्यासारखा दिसे. खरं म्हणजे त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. एकदा एका सावकाराचा दिवाणजी घागर घेऊन आला. "आबा, महिन्याभरात पोचा आला हो तुमच्या घागरीला."

आबांनी घागर फिरवून पाहिली. "महिनाभर तुमच्या घरात होती ना? मग स्वस्तात सुटली म्हणायची."

हसावं की रागवावं हे दिवाणजीचं ठरेपर्यंत आबांनी पोचा काढून घागर त्याच्या हातात दिली होती.

श्रावणात आपल्या शहराला दानधर्माचा केवढा उमाळा येतो, ते तुम्ही पाहिलं आहेच. दक्षिणेसाठी लांबलांबून ब्राह्मण येत आणि त्यांच्या मागोमाग आंधळे, पांगळे, थोटे. देवळांच्या पायऱ्या त्यांनी भरून जात. अशाच एका सकाळी मी नदीवरून पाणी घेऊन येत होते. पुढे आबा स्नान करून चालले होते. ते एकाएकी थांबले. पायरीवर एक तिशीचा दणकट माणूस बसला होता. त्यानं आपलं पितळेचं भांडं मांडीवर पालथं घातलं होतं आणि एका गोट्यानं तो त्यातला पोचा काढत होता. दान घालायला आलेल्यांना ते घालायला जागाच नव्हती. शेजारी उभा असलेला त्याचा भाऊ कपाळाला हात लावून होता.

"काय करतोय हा?" आबांनी विचारलं.

"येडं हाय," भाऊ म्हणाला. "ऐकू येत न्हाई, बोलत न्हाई. आम्ही धायरीचं. घरी खाणारी तोंडं लई. हितं बसवलं तर त्याचं त्याला मिळंल म्हणून आणलं, तर भांडंच पालथं घालून बसतंय."

"नाव काय?"

"मुका म्हणत्यात."

"आईनं मुका नाव ठेवलं?"

भाऊ ओशाळला. "धोंडी."

आबांनी धोंडीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. त्यानं वर पाहिलं. आबांनी भांडं घेतलं, गोटा जरा तिरपा धरला आणि कडेकडेनं दोनचार ठोके दिले. धोंडीनं भांडं परत घेऊन त्यावरून अंगठा फिरवला आणि तोंडभर हसला. त्याच दिवशी तो आमच्या आळीत आला. आबा दारातूनच म्हणाले, "सरका जरा."

या वेळी मात्र कुणी सरकलं नाही. आळीच्या पंचांतल्या प्रमुखांना सगळे शेटे म्हणत. त्यांचा कारखाना समोरच होता. ते पोटावरून हात फिरवत आले.

"आबा, हा कुणब्याचा. आपला धंदा आपल्या जातीत राहावा."

"हातोडीला विचारा. तिनं जात सांगितली तर उठवतो याला."

"चेष्टा पुरे. उद्या शहरातले सगळे लुळेपांगळे तुमच्या पडवीत येतील."

"येऊ देत. ज्यांना नुसतं बोलता येतं, ते तुमच्याकडे पाठवीन."

शेवटी पंचांनी तोड काढली. धोंडीनं जड ठोकाठोकी करावी, नाजूक काम त्याला शिकवू नये, आणि आळीच्या पंगतीत त्याला बसवू नये. आबांनी मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. वर्षभरात धोंडी मठारकाम करू लागला. मठारकाम म्हणजे तयार भांड्यावर ओळीनं बारीक ठोके घालून त्याला चकाकी आणायची. आबा ठोका घालत आणि धोंडीचा तळहात भांड्याला लावून ठेवत. ठोका नीट बसला की भांडं आतून थरथरतं. त्याला आपण नाद म्हणतो. धोंडीला तो तळहाताला कळायचा. तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असत, आणि आबा त्याच्या तोंडाकडे बघत.

"एवढा जीव का टाकता त्याच्यावर?" मी एकदा विचारलं.

"मीही एक दिवस ठार बहिरा होणार," ते म्हणाले. "त्या गावात आधीपासून ओळखीचं कुणी असलेलं बरं."

धोंडीनं आळीतल्या प्रत्येकाला हातांनी नाव ठेवलं होतं. शेट्यांचं नाव होतं पोटावरून फिरलेला हात. ते इतकं चपखल बसलं की सगळी आळी तेच वापरू लागली. पुढे पुढे शेट्यांची बायकोसुद्धा आमच्या दाराशी येऊन पोटावरून हात फिरवी आणि 'आलेत का इकडे?' असं मानेनं विचारी. शेट्यांना हे बऱ्याच दिवसांनी कळलं. कळलं तेव्हा ते हसले नाहीत. माझं नाव होतं कपाळावर टेकवलेलं बोट आणि मग हवेत उलटा केलेला पंजा. कुंकू आहे की नाही? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, मग हसू आलं. सगळी पेठ जे माझ्या पाठीमागे विचारीत होती ते या माणसानं तोंडावर विचारून टाकलं होतं, आणि उत्तराची त्याला घाईही नव्हती.

धोंडीचं बस्तान बसल्यावर आबांना चटकच लागली. संध्याकाळी हातपाय धुऊन ते पेठेत निघत. तोफेच्या गाड्याखाली पाय गेलेला एक शिपाई होता, त्याला पाठुंगळी घेऊन ते एका पत्रावळीवाल्याकडे गेले. "तुमचं काम बसून करायचं. याला उभं राहता येत नाही. गुण जुळतात, लग्न लावून टाका."

"आबा, हवं तर शिधा पाठवतो याच्या घरी," तो म्हणाला.

"शिधा ठेवा. जागा द्या."

"जागा कुठून आणू?"

"तुम्ही बसलात त्याच्या शेजारून."

आबांच्या तोंडाला लागायला नको म्हणून त्यानं शिपायाला ठेवून घेतलं. पत्रावळीही नीट होऊ लागल्या. पण शुभकार्याला निघालेल्या बायकांना सकाळी सकाळी पांगळा दिसतो अशी कुरकुर झाली, आणि त्याला मागच्या अंगणात, गोठ्याशेजारी हलवलं. आबा पाहायला गेले. "बरं झालं," पत्रावळीवाल्याला म्हणाले, "इथे त्याला तुमची तोंडं दिसत नाहीत." या शहराचा हात देण्याला कधी आखडला नाही हो. शिधा, जुनेर, उरलंसुरलं, सगळं मिळे. शेजारी बसवून घ्या म्हटलं की तोच हात पाठीमागे जाई.

आमच्या आळीत कालिकेचा उत्सव मोठा. पंगत बसायची वेळ आली की धोंडी आबांच्या मागे मागे. शेट्यांनी दारातच हात आडवा केला. "त्याचं पान मागाहून बाहेर वाढू." आबांनी वाद घातला नाही. आपली पत्रावळ उचलली, बाहेर येऊन ओट्यावर मांडली, शेजारी धोंडीची मांडली. "बाहेर वारा बरा आहे," म्हणाले. धोंडीला वाटलं, सगळे आत दाटीवाटीनं बसलेत आणि आपल्याला आबांबरोबर वेगळं बसवलंय म्हणजे हा मोठा मान. तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे रुबाबात बघत जेवला. आबांनी त्याचा तो समज शेवटपर्यंत मोडला नाही. दरवर्षी ते दोघे बाहेर बसत.

आता ज्यासाठी हे सांगायला बसले तिथे येते.

दसरा जवळ आला होता. फौजा निघायच्या, म्हणून सरदारांच्या घरून भांड्यांची मागणी जोरात होती. आबा थंडीतापानं पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी घेऊन पडले होते. दिवस कलताना शेटे आले. त्यांच्या कारखान्यात एक मोठं घंगाळ तयार झालं होतं. ते पार पलीकडच्या पेठेत एका सरदारांकडे पोचवायचं होतं, आणि त्यांच्याकडचं कुणी जायला तयार नव्हतं. शेट्यांनी धोंडीला खूण केली. तो उठला, कमरेची हातोडी तशीच राहू दिली, घंगाळ डोक्यावर घेतलं आणि गेला. मी पाहिलं. ओळीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

रात्री तोफ झाली की पुण्यात कुणी रस्त्यावर दिसता कामा नये, दिसेल त्याला गस्तवाले धरीत, हे मी तुम्हाला काय सांगावं? धोंडीलाही ते ठाऊक होतं. पण तोफ ऐकायला कान लागतात. सरदारांकडे घंगाळ उतरवून घ्यायला कुणी लवकर आलं नाही, त्याला ताटकळत बसवलं. आणि तो रात्री परत आला नाही.

सकाळी चावडीवरून बातमी आली. ताप अंगात घेऊन आबा निघाले, मी त्यांच्या दंडाला धरून बरोबर गेले. धोंडी मागच्या खोलीत होता. आम्हाला तो दिसला नाही. कारकून विडा जुळवत होता.

"हटकलं तर थांबला नाही," तो म्हणाला. "कमरेला हातोडी. कुलपं फोडायचा धंदा दिसतो."

"तांबट आहे तो. हातोडी नाही तर काय वीणा बाळगेल?"

"नाव सांगत नाही."

"सांगेल कसा? मुका आहे."

"सगळेच चोर मुके असतात. मार बसला की बोलतात."

"मारून पाहिलंत?"

"पाहिलं."

"बोलला?"

"नाही. म्हणजे अट्टल."

दाराशी उभा असलेला गस्तवाला मध्येच म्हणाला, "आणि मागून खांद्याला धरला तर हसायला लागला की हो. तोंड फिरवून हसतोय!"

आबांनी माझा हात घट्ट धरला. त्या माणसाच्या आयुष्यात खांद्यावर हात पडला म्हणजे कुणीतरी आपल्याशी बोलणार, एवढाच अर्थ होता.

कारकुनानं विचारलं, "तुमचा कोण तो?"

"माझाच."

"जातीचा?"

"नाही."

"नात्यातला?"

"नाही."

"मग तुमचा कसा?"

"रोज माझ्या शेजारी बसतो."

"शेजारी बसल्यानं कुणी आपलं होत नाही, आबा. तुम्ही भले माणूस. तुमचा एक जामीन धरतो. आळीतला आणखी एक घरदारवाला आणा, पंचांपैकी असला तर उत्तम. तो आमचा आहे आणि कामाला गेला होता, एवढं म्हणाला की सोडतो."

"मी राहते जामीन," मी म्हणाले. "त्याला पाठवताना मी पाहिलंय."

कारकुनानं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "तुमचा जामीन कोण?"

आबा तसेच आळीत आले. घरोघर गेले. हातोड्या चालू होत्या. ते एकेकाच्या खांद्यावर बोटं टेकवत, मनगटं एकावर एक ठेवून कैद दाखवत आणि हात जोडत. सगळ्यांना कळत होतं. अशा गोष्टी हातांनी सांगायला आमच्या आळीइतकी चांगली जागा दुसरी नव्हती. लोक मान खाली घालून पुन्हा ठोकायला लागत. शेवटी ते शेट्यांच्या दारात उभे राहिले.

"तुम्ही धाडलं होतं त्याला. तेवढं चावडीत येऊन सांगा."

शेटे पोटावरून हात फिरवू लागले. "आबा, चावडीत एकदा नाव गेलं की बाहेर निघत नाही. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. आणि मी धाडलं असं कोण म्हणतं?"

"धोंडीला विचारा."

"तो?" शेटे म्हणाले. "तो तर मुका आहे."

आबा रोज चावडीसमोर जाऊन बसू लागले. ताप उतरे, पुन्हा चढे. मी भाकरी घेऊन जाई. ती आत पोचे की नाही देव जाणे. किती दिवस गेले ते आता नीट सांगता यायचं नाही. दसरा होऊन गेला एवढं खरं. मग एका सकाळी त्याच सरदारांचे कारभारी आळीत आले. त्यांची आणखी भांडी आमच्याकडे होती, आणि मठारकाम अर्धवट पडलं होतं.

"तो मुका कुठाय? त्याच्या हातचं काम बाईसाहेबांना पसंत आहे."

आबांनी सांगितलं. कारभाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. "काय म्हणता? आमच्याच दारातून गेला तो त्या रात्री." मग समोरून पुढे आलेल्या शेट्यांकडे वळले. "तुमचा माणूस ना?"

"आमचाच, सरकार," शेटे म्हणाले. "अगदी घरच्यासारखा."

आबा शेजारीच उभे होते. त्यांनी शेट्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. कारभाऱ्यांचा माणूस चावडीवर गेला आणि ऊन डोक्यावर येण्याआधी धोंडी घरी होता. एका शब्दाचं काम होतं. तसा शब्द आमच्या आळीत पहिल्या दिवसापासून होता. तो काढायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं, इतकंच.

धोंडीचं उजवं मनगट मोडलं होतं आणि तसंच वेडंवाकडं जुळून आलं होतं. हाडवैद्य म्हणाला, आता हे असंच राहणार. हातोडी उचलली की ती बोटांतून गळून पडे. तिसऱ्या प्रहरी शेटे नारळ आणि पेढे घेऊन आले. "झालं गेलं गंगेला मिळालं, आबा."

"नाही मिळालं," आबा म्हणाले. "मनगटात आहे. बघायचंय?"

त्या संध्याकाळी आबांनी सवयीनं मागून जाऊन धोंडीच्या खांद्यावर बोटं टेकवली. तो जमिनीवर कोसळला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. तोंडातून एक आवाज निघाला. तो इतक्या वर्षांत आम्ही ऐकला नव्हता. आबा मागे सरले. मग फेरा घालून त्याच्या समोर आले, जरा लांबच उभे राहिले आणि तो वर बघेपर्यंत थांबले. पुढे त्यांनी कुणाच्याच खांद्याला कधी बोट लावलं नाही, आमच्याही नाही.

चार दिवसांनी दाराशी बैलगाडी आली. आबांनी ऐरण चढवली, भाता चढवला, धोंडीला बसवलं. शेटे धावत आले. "अहो, निघालात कुठे?"

"तुमच्या घरच्या माणसाला फिरवून आणतो," आबा म्हणाले.

नदीपलीकडे माळ्यांच्या मळ्याशेजारी त्यांनी एक खोपट घातलं. मीही गेले. तिथेच आम्हाला भागी मिळाली. देवीत डोळे गेलेली, मळ्याच्या बांधावर पाखरं हाकायला बसायची. आबांनी तिला भात्यावर बसवलं, आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. ती भाता उत्तम ओढी आणि त्याहून उत्तम शिव्या देई. पण तांब्याचे पत्रे आम्हाला मिळेनात. व्यापाऱ्यांना आळीतून निरोप गेला असणार. जातीबाहेर धंदा नेणाऱ्याला माल देऊ नये. मग नवी भांडी घडवणं राहूनच गेलं. खेड्यापाड्यांतल्या बायका फुटकीतुटकी आणीत, ती आम्ही सांधत असू, कल्हई करीत असू. पूर्वी ज्याच्या घागरी सरदारांच्या देवघरात जात, तो माणूस कुणब्यांच्या तपेल्यांचे कान जोडत बसे. धोंडी डाव्या हातानं भांडं धरी.

तिथे आबांचे कान पुरते गेले. मग ते तोंडानं बोलेनातच. संध्याकाळी ते आणि धोंडी समोरासमोर बसत आणि हातांनी बोलत. आळीतल्या खुणा मला येत होत्या, पण या दोघांनी पुढे किती नव्या काढल्या होत्या! आभाळाच्या, गावाच्या, आईच्या, कसल्या कसल्या. मोडक्या मनगटानं नेमकं होत नसे ते धोंडी खांद्यानं, भुवईनं पुरं करी. मध्येच दोघे पोट धरधरून हसत. भागी विचारी, "काय बोलतात गं?" मला चतकोर कळे, बाकीचं मी पदरचं घालून सांगे. ती म्हणे, "खोटं सांगतेस. एवढ्याला कोण हसतं?"

अशी काही वर्षं गेली, आणि एका वर्षी थंडी सरता सरता आबा गेले. शेवटचे दोन दिवस ते फक्त धोंडीकडे बघत आणि बोटं हलवत. धोंडी मान हलवी. काय ठरलं, काय सांगितलं, आम्हा दोघींना कळलं नाही.

आणि मग आळी आली. सगळी आली. अंत्यविधी जातीच्या हातूनच व्हायला हवा ना! शेटे थकले होते, त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. "आमच्या आळीचं भूषण गेलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. बांबू बांधले, आबांना उचललं. धोंडी खांदा द्यायला पुढे झाला, तेव्हा एका नव्या पोरसवदा तांबटानं त्याला कोपरानं बाजूला सारलं. "हा कोण?" त्यानं विचारलं. शेट्यांनी ऐकलं. ते खाली बघत राहिले. धोंडी मग लांबून, सगळ्यांच्या मागून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोपटात नव्हता. मी धायरीला निरोप धाडला. भावानं सांगून पाठवलं, हितं आला न्हाई. देवळांच्या पायऱ्या मी पाहिल्या, घाट पाहिले. भागी पुढे दोन पावसाळे जगली. शेट्यांचा नातू आता आळीचा पंच आहे.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मसणवटीतून तो परत आला तेव्हा आम्ही दोघी विझलेल्या भट्टीपाशी बसलो होतो. तो माझ्या समोर उभा राहिला आणि हातांनी बोलू लागला. खूप बोलला. त्या त्यांच्या दोघांच्याच खुणा होत्या, एकही मी आधी पाहिलेली नव्हती. त्याच्या हातांची सळसळ ऐकून भागीनं विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला कळलेलं नाही, हे त्याला कळलं. मग तो खाली बसला, आणि तेच सगळं त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, एकेक खूण थांबून थांबून, जसं एखाद्या बहिऱ्याशी बोलावं.